शनिवारची जोडी

माणसाची ओळख चेहऱ्यावरून होते असं सगळे धरून चालतात. आमच्या पद्माक्काला चेहरा लागत नाही, हातमोजा पुरतो. पोत्यातून एक रबरी हातमोजा काढायचा, उलटा करून बघायचा, नाकाशी न्यायचा आणि जाहीर करायचं, "हा कुणाचंच ऐकत नाही." का, तर आत खोबरेल तेलाचा वास. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, हे लाइनमन लोकांना सांगून सांगून सगळे थकलेत. तरी कुणीतरी सकाळी डोक्याला तेल थापतो आणि त्याच हातांनी मोजे चढवतो. मग पद्माक्का त्या न पाहिलेल्या माणसाला दिवसभर बोल लावत बसते.

मी सुलभा. मूळची सांगलीची, लग्नानंतर बेंगळुरूला आले आणि आता पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहानशा टेस्टिंग लॅबची प्रमुख आहे. प्रमुख म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एका बाजूला स्प्रिंगा बनवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला आणि मध्ये आमचं पत्र्याचं छप्पर. विजेपासून माणसाला वाचवणाऱ्या वस्तू आम्ही तपासतो. कंत्राटदारांची पोती भरून रबरी हातमोजे, पॅनलसमोर अंथरायच्या चटया, लाइनवर वापरायच्या लांब दांड्या, असं सगळं येतं. वस्तूला कामावर जेवढा दाब सोसावा लागेल त्याहून जास्त द्यायचा आणि ती टिकते का ते बघायचं. टिकली तर पास, नाही तर कात्री.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण तो मध्ये मध्ये डोकावणारच. आणि मला सारखी काळजी करणारी माणसं सहन होत नाहीत. काळजीनं आजवर कुणाच्या घरचा दिवा लागलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नशीब बघा, मला सहकारी मिळाली ती नेमकी काळजीचं कोठार.

पहिल्या दिवशी मी लॅबच्या दारात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला, "स्वल्प पाय पुसून या, मॅडम. पाणी सांडलंय." मी चाट पडले.

"तुम्ही मराठी?"

"मग काय चिनी?"

"तसं नव्हे. कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच."

"हो, पण मूळच्या?"

"मूळच्या बी इथल्याच. आमचे लोक शहाजीराजांच्या काळात आलेले इथं. तुमी कधी आलात?"

"मार्चमध्ये," मी म्हटलं.

"सरी. मणजे पावण्या तुमी," असं म्हणून तिनं पायपुसणं माझ्याकडे सरकवलं.

तर ही पद्मावती. भावसारांच्या घरातली. माहेरी सगळे शिवणकाम करणारे, नगरतपेठेत दुकान. हिला मात्र लहानपणापासून शिलाई मशीनपेक्षा त्याच्या मोटारीत रस. वडिलांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग स्वतःच जाऊन तिचं नाव आयटीआयमध्ये घातलं. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटी मुलगी. आज पन्नाशी ओलांडली आहे, डोक्यावर मोगऱ्याचा गजरा, पायात रबरी बूट आणि साडीवर खाकी कोट. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, मशीनशी बोलताना दोन्ही. मशीन बिघडलं की फक्त कन्नड.

तिचं काम बघायला आलेल्या माणसाला पाच मिनिटांत जांभई येते. हातमोज्यात पाणी भरायचं, तो पाण्याच्या टाकीत मनगटापर्यंत बुडवून टांगायचा, आत एक सळई सोडायची, पिंजऱ्याचं दार लावून घ्यायचं आणि बाहेरून नॉब फिरवत दाब चढवायचा. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये रबराचा पातळ पडदा. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर जाणाऱ्या मोज्याला आम्ही वीस हजार देतो, एक मिनिट. रबर चांगलं असेल तर काहीच होत नाही. आमच्या धंद्यात काहीच न होणं हेच यश, त्यामुळे आमचं कौतुक करायला कुणी येत नाही. रबर कच्चं असेल तर टप्प असा आवाज होतो आणि मशीन बंद पडतं. मग पद्माक्का माहेरून आणलेल्या शिंप्याच्या कात्रीनं त्या मोज्याची पाचही बोटं कापून टाकते, म्हणजे चुकूनही तो परत कुणाच्या हातात जाऊ नये.

टाकीत घालण्याआधी ती मोज्याचं तोंड गुंडाळत आणते, आत हवा कोंडते आणि तो फुगलेला हात गालाशी धरून डोळे मिटते. कुठून हवा सुटत असली तर गालाला लागते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं बाई उभ्या उभ्या झोपली.

"कानानं ऐकता येत नाही का?" मी विचारलं.

"तो पावडर कोटिंगवाला ऐकू देतो का काही?" ती म्हणाली. "गाल बरा. गालाला खोटं सांगता येत नाही."

नव्यानं येणाऱ्या पोरांना ती शिकवते तेव्हा सगळ्यात जास्त ओरडते ती त्या एका मिनिटावरून. मिनिट म्हणजे मिनिट. कमी नको तसं जास्तही नको. कुणी फोन बघत नॉब मागे घ्यायला विसरला तर ती त्याला असं फैलावर घेते की शेजारच्या कारखान्यातले लोक चहा हातात घेऊन ऐकत उभे राहतात.

तिचे यजमान रघुपतीअण्णा लाइनमन आहेत. एका कंत्राटदाराकडे आहेत, दासरहळ्ळीच्या आसपासच्या वसाहतींत खांबांवर चढतात. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस. साठी जवळ आली तरी खांबावर असे चढतात की खालची तरुण पोरं नुसती बघत राहतात. मी एकदा त्यांना विचारलं होतं की आता पुरे नाही का झालं. तर म्हणाले, "वरून बेंगळूर बरं दिसतं, मॅडम. झाडं दिसतात. खाली नुसता ट्रॅफिक."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या टोळीतल्या एकाला शॉक बसला. लाइन बंद करून घेतली होती, पण कुठल्याशा इमारतीच्या जनरेटरमधून उलटी वीज आली. माणूस वाचला, दोन बोटं गेली. त्याच्या हातमोज्याला बारीक भोक होतं. मोजा तपासून आलेला होता, पास होता, भोक नंतर कधीतरी पडलेलं. आमची तपासणी त्या वेळेपुरतं सांगते. पुढच्या क्षणी खिळा लागला तर ते आम्हाला कसं कळणार? मी हे पद्माक्काला समजावून सांगायला गेले आणि तिचा चेहरा बघून गप्प बसले. तिला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर ती अशी झाली होती.

त्या दिवसानंतर तिनं यजमानांमागे लकडा लावला, खांब सोडा, स्टोअरला बसा. अण्णा म्हणाले, खालून हुकूम सोडणारे पुष्कळ आहेत, वर जाणारे कमी. मग घरात अबोला. शेवटी तिनंच तोड काढली. दिवाळीच्या बोनसमधून तिनं उत्तम प्रतीच्या हातमोज्यांची एक जोडी विकत घेतली आणि सांगून टाकलं, खांबावर जायचं तर हीच जोडी घालून, आणि दर शनिवारी ती माझ्या टाकीत आली पाहिजे. टाकीतून पास झाली तर पुढचा आठवडा चढा. नाही झाली तर खाली. अण्णा "सरी" म्हणाले, म्हणजे कबूल.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी स्कूटर आमच्या फाटकाशी थांबायची आणि अण्णा एक खाकी पिशवी ठेवून जायचे. पिशवीही तिनंच शिवलेली, आत मऊ अस्तर. शनिवारी आमचा अर्धा दिवस असतो. मी जेवायच्या आधीच मेट्रो पकडून यशवंतपूरला घरी. पद्माक्का आणि वॉचमन मागे राहायचे. ती मोजे धुवायची, सुकवायची, तपासायची. संध्याकाळी अण्णा न्यायला आले की दोघं डोसा खाऊन घरी जायची. नियमाप्रमाणे असे मोजे सहा महिन्यांनी एकदा तपासले तरी चालतात. हिचं दर आठवड्याला. मला हसू यायचं.

"अक्का, एका नवऱ्याला किती तपासणार?"

"मिळालाय तो एकच ना, मॅडम. स्पेअर नाही."

माझ्या नवऱ्याला हे वाक्य घरी जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, बघ, याला म्हणतात बायको. मी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

या पावसाळ्याच्या शेवटी एका शनिवारी मला थांबावं लागलं. सोमवारी ऑडिटवाले येणार होते आणि माझे कागद अर्धे. मी केबिनमध्ये बसले होते. पलीकडे पद्माक्काचं काम चालू झालं. दाब चढला की मशीनचा एक बारीक घूं आवाज येतो, आम्हाला तो इतका सवयीचा की ऐकू येत नाही. तो थांबला की ऐकू येतो. त्या दिवशी तो थांबलाच नाही.

मी मान वर केली. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. आवाज चालूच. मला वाटलं हिला चक्करबिक्कर आली. उठून काचेतून पाहिलं तर बाई नॉबवर हात ठेवून, पिंजऱ्याकडे टक लावून उभी. ओठ हलत होते. टाकीपाशी एक उग्र वास सुटलेला, मला केबिनच्या दारापर्यंत आला. माझं डोकं सणकलं. ज्या गोष्टीवरून ही पोरांना रडवते तीच स्वतः करते म्हणजे काय! मी ओरडायला तोंड उघडलं आणि टप्प आवाज झाला.

मशीन बंद.

पद्माक्कानं अर्थिंगचा रॉड लावला, दार उघडलं, डावा मोजा बाहेर काढला, आणि पहिलं काय केलं तर यजमानांना फोन लावला. "कुठं घातला होता हात? तारेत? काट्यात? खोटं सांगू नका. अहो, आज गेला ना तुमचा मोजा! सोमवारी हाच घालून चढणार होतात!" पलीकडून अण्णा काहीतरी सांगत होते, हळू आवाजात, नेहमीसारखं. तिनं ऐकून घेतलं नाही. फोन ठेवला, आणि पुरावा शोधायला म्हणून मोजा ट्यूबलाइटखाली धरून ताणला.

मनगटाच्या जरा वर, मोज्याला गोल वेढा घालून, केसासारख्या बारीक चिरा होत्या. ओळीनं. पाण्याची पातळी जिथं येते तिथं, सगळीकडून सारख्या.

खिळ्यानं असं होत नाही. तारेनंही होत नाही. टाकीत मोजा दाबाखाली ठेवला की पाण्याच्या काठाशी ओझोन वायू तयार होतो, तो उग्र वास त्याचाच. तो रबराला खातो. एक मिनिट ठेवलं तर चांगल्या रबराला काही होत नाही. पुन्हा पुन्हा, जास्त जास्त वेळ ठेवलं तर रबर तिथं वर्तुळात तडकत जातं. एका मिनिटाचा नियम त्यासाठीच आहे. पद्माक्कानं हे किती पोरांच्या डोक्यात कोंबलंय ते मी मोजलेलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "हे त्यांनी नाही केलं."

"नाही."

"टाकीनं केलंय."

मी तिच्या हातातला मोजा घेऊन पुन्हा उजेडात धरला.

"टाकी काय आपोआप चालते?" ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

"किती वेळ ठेवत होता तुम्ही?" मी विचारलं. ओरडायचं होतं, पण आवाज हळूच आला.

"मन भरेपर्यंत."

मला तेव्हा रागही आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम आलं की मला काही सुचत नाही, म्हणून मी शहाणपणा शिकवायला लागले. म्हटलं, वीस हजाराला गेला म्हणजे अकराला गेला असता असं नाही, अक्का. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मागल्या सोमवारी बी ते हेच घालून वर होते," ती म्हणाली. "त्याच्या मागल्या सोमवारी बी. मी दर शनिवारी थोडं थोडं मारत होते त्यांना." मग तिनं कात्री घेतली आणि दोन्ही मोज्यांची बोटं कापली. दहाही. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती कामावर आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, हात कापतोय, मॅडम, मोजा धरला तर कापतोय. माझ्याच्यानं होणार नाही. यजमानांना तिनं एवढंच सांगितलं होतं की आता खांब बंद. का, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, नवीन जोडी आणा, मी स्वतः तपासून देते. "नको. माझ्या हातनं नको आणि दुसऱ्या कुणाच्या हातनं बी नको," ती म्हणाली. म्हणजे ती तपासणार नाही, दुसऱ्याचं तपासलेलं तिला चालणार नाही, आणि तपासल्याशिवाय अण्णा चढणार नाहीत. दोघंही घरात. इकडे आमच्याकडे पोती साचत चाललेली. मी कोट चढवून स्वतः टाकीवर उभी राहिले आणि पावडर कोटिंगवाल्यापासून ऑडिटवाल्यापर्यंत जो दिसेल त्याच्यावर खेकसत राहिले.

एक दिवस दुपारी फाटकाशी स्कूटर वाजली. अण्णा एकटेच. आत आले, चप्पल काढली, सांगूनही खुर्चीवर टेकले तेवढे, बसले नाहीत.

"मॅडम, मी काय चुकलो ते तरी तुमी सांगा," ते म्हणाले. "ती बोलत नाही. हुळीत, आमटीत मणजे, मीठ बरोबर पडतंय, मणजे राग नाही. पण बोलत नाही. टोळीवाले रोज फोन करतात. आज पण शटडाऊन आहे, लाइन बंद ठेवून काम, दुपारनंतर. मी मोजे नीट ठेवत होतो हो, देवाशप्पथ."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चिरांचं वर्तुळ, ओझोन, मन भरेपर्यंत धरलेला दाब. आणि तिच्या डोक्यात काय बसलंय ते. तिच्याच टाकीनं खाल्लेली जोडी घालून नवरा दर आठवड्याला वर जात होता, हे तिला काही केल्या सहन होत नव्हतं.

अण्णांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अय्यो," एवढंच म्हणाले. मग हळूच, "एक सांगू? ओरडू नका."

"ओरडणार नाही," मी म्हटलं. हे मी कुणालाही सांगते.

"ती जोडी खांबावर जातच नव्हती."

"म्हणजे?"

"आधी जायची. मग एकदा आमच्या स्टोअरच्या शेषगिरीनं बघितली. मणाला, अरे रघुपती, ह्याला रोज कोण भाजतंय? मनगटाशी ताणलं की तडे दिसतायत, एरवी कळत बी नाहीत, हे घालून चढू नको. तेव्हापासून नाही घातली. वर्ष होत आलं."

"मग चढायचात काय घालून?"

"कंत्राटदाराचे असतात ना, ते."

"आणि ते कुठं तपासून येतात?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की हिला प्रमुख कुणी केलं. "इथंच की, मॅडम. पोत्यातून येतात. पद्माच करते. सगळ्यांचे करते तसे."

मी ओरडलेच. वर्षभर बायकोला फसवलंत, तिला खरं सांगायला काय झालं होतं, ती इथं दर शनिवारी उपाशी उभी राहायची, असं बरंच. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला शनिवारी झोप लागायची, मॅडम," ते म्हणाले. "बाकी सगळे दिवस कूस बदलत राहायची. शनिवारी पिशवी घेऊन घरी आलो की गाढ झोपायची, लहान पोरासारखी. आठवड्यातली ती एक झोप कशी काढून घेऊ?"

मी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले.

"जा आणि तिला घेऊन या," मी म्हटलं. "आणि हे तिला तुम्हीच सांगायचं."

"तुमी सांगा ना."

"मी का?"

"तुमचा आवाज मोठा आहे."

मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

ते तिला घेऊन आले. कोट न घातलेली पद्माक्का मी पहिल्यांदाच पाहत होते, एकदम लहान वाटली. टाकीकडे तिनं पाठच केली. अण्णांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शेषगिरीपासून झोपेपर्यंत. मध्ये एकदाही तिच्याकडे न बघता. शेवटी म्हणाले, "आणि वापरलेले दिसावेत मणून मी शुक्रवारी स्वल्प माती लावायचो त्याला."

पद्माक्कानं मान वर केली.

"माती तुमी लावायचात?"

"हो."

"आणि मी ती धूत होते? दर शनिवारी? बोटाबोटात घालून, साबणानं?"

"चांगली लावायचो," अण्णा म्हणाले. "बागेतली."

तिनं हातातली पिशवी त्यांच्या खांद्यावर हाणली. मग पुन्हा हाणली. आणि तिसऱ्यांदा उचललेली पिशवी तोंडाशी धरून ती रडायला लागली, मोठ्यानं, आठवडाभराचं. अण्णा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. खिडकीबाहेर स्प्रिंगवाले टेम्पो भरत होते, मी ते बघत राहिले. माझेही डोळे भरले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते.

"कुठंयत ते?" जरा वेळानं ती म्हणाली. "खरे. वर जाणारे."

अण्णांनी स्कूटरच्या डिकीतून कंत्राटदाराची जोडी आणली. जुनाट, रंग उडालेली, पण स्वच्छ. पद्माक्कानं ती हातात घेतली. उजवा मोजा ताणून ट्यूबलाइटखाली बघितला, मग डावा. दोन्हींची तोंडं गुंडाळली, एकेक करून गालाशी धरले. डोळे मिटले. मी तोवर उठून टाकीचा नळ सोडला. तिचा निदान एक दिवस सुखात जाणार असेल तर एक जादा तपासणी करायला माझी काही हरकत नव्हती. एक मिनिट, आणि घड्याळ माझ्या हातात.

पद्माक्कानं डोळे उघडले आणि मोज्याच्या काठावरचा शिक्का बघितला. आमच्याच लॅबचा शिक्का, खाली पुढच्या तपासणीची तारीख, तिच्याच अक्षरात. कुणा अनोळखी माणसाचा मोजा म्हणून कधीतरी तिनंच पास केलेला. तिनं त्या तारखेवरून अंगठा फिरवला. मग टाकीकडे बघितलं. पाणी भरत होतं.

"नळ बंद करा, मॅडम," ती म्हणाली. "अजून तारीख कुठं आलीय याची?"

मी बंद केला.

तिनं जोडी अण्णांपुढे धरली. त्यांनी लगेच घेतली नाही. तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"जाऊ?"

"जावा की. टोळी खोळंबली असेल."

"शनिवारी आणू का हे?"

"नको," ती म्हणाली. "पोत्यातनं येतील तेव्हा बघीन. सगळ्यांसंगती."

अण्णांनी चप्पल घातली, मोजे डिकीत ठेवले, हेल्मेट चढवलं. फाटकाशी वळून त्यांनी एकदा मागे पाहिलं. तिनं हातानंच जा म्हणून सांगितलं. स्कूटर दासरहळ्ळीच्या दिशेनं गेली, वळणापर्यंत आवाज येत होता, मग पावडर कोटिंगवाल्याच्या कम्प्रेसरमध्ये तो मिसळून गेला.

पद्माक्का दारातच उभी होती. पदर घट्ट मुठीत धरून.

"मॅडम," रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "माझा हात धरा स्वल्प."

मी धरला. गार पडला होता आणि थरथरत होता. तो थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच दारात उभ्या राहिलो.